तुम्ही तोडलं तर विरळणी, आम्ही तोडलं तर केस?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वनशास्त्राची पदवी घेऊन तुम्ही वर्षभरापूर्वी चंद्रपूरकडच्या सागपट्ट्यात एका संस्थेत रुजू झालात. काम गावांशी आणि शाळांशी जंगलाबद्दल बोलण्याचं. हिवाळ्यात शेजारच्या रोपवनात विरळणी सुरू झाली, म्हणजे दाटीतली काही झाडं तोडून बाकीच्यांना वाढायला जागा करणं. कुणीतरी ‘फारेस्टवालेच जंगल कापताहेत’ असा व्हिडिओ काढून फिरवला आणि तुम्ही ग्रामसभेत प्रोजेक्टर लावून समजवायला गेलात. कार्बन, भूजल, जैवविविधता, सगळं झालं. लोकांनी शांतपणे ऐकलं, चहा पाजला, आणि मग पहिला प्रश्न आला तो पिकात घुसणाऱ्या रानडुकरांचा: ‘ते बराबर हाय, पण डुकराचं काय करता?’ तुम्ही विचारताय की लोकांना जंगलाचं शास्त्र पटवायचं कसं, आणि चार वर्षांच्या पदवीत हे कुणी शिकवलं का नाही.

मी वनखात्यात तीस वर्षांहून जास्त काढली. बहुतेक विदर्भात, मधली काही खानदेशात, आणि शेवटची प्रशिक्षणार्थींना शिकवण्यात. तुमच्या मजकुरावरून मला वाटतं की त्या लोकांना शास्त्राबद्दल फारशी शंका नव्हतीच. झाडं दाटीनं वाढली तर रोडावतात हे शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. शंका दुसरीच होती. ट्रक भरून माल गेला तो कुणाचा, कुणाच्या सहीनं, आणि आम्हाला का विचारलं नाही? तुम्ही शास्त्राचं उत्तर चाळीस स्लाइडमध्ये दिलंत आणि या शंकेला हात लावला नाहीत. मग ते डुकरावर गेले. विषय बदलण्याची ती त्यांची सभ्य पद्धत.

आता पुढं जे सांगतो ते परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, हे आधीच कबूल करतो. ते रोपवन प्रादेशिक वनविभागाचं आहे, वन्यजीव विभागाच्या हद्दीत आहे, की १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाचं? गावकरी तिघांनाही ‘फारेस्ट’च म्हणतात, पण हिशेब तिन्हीकडे वेगळा. महामंडळाचं रोपवन लाकडासाठीच लावलेलं असतं. तिथं ‘हे आम्ही पर्यावरणासाठी करतोय’ म्हणालात तर लोक हसतील आणि ते बरोबरच असेल. गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा (गावानं मिळून जंगलावर कायद्यानं मागितलेला हक्क) मंजूर झालाय, लटकलाय की केलेलाच नाही, यावरही बरंच ठरतं. दावा लटकलेला असेल तर तुमच्या प्रत्येक वाक्यातून ‘हे जंगल आमचंच’ एवढंच ऐकू जाईल. आणि गेल्या काही महिन्यांत त्या शिवारात वाघानं माणूस मारला असेल, तर कृपा करून जंगलावर काहीच बोलू नका. त्या घरी जाऊन बसून या. मदतीचे कागद भरायला हात लावा. बाकीचं वर्षभरानं.

पहिली गोची ‘जंगल’ या शब्दातच आहे. पुस्तकी जंगल एक, कागदावरचं दुसरं, आणि गावाचं तिसरं. भारतीय वन सर्वेक्षणाचा अहवाल ज्याला वनाच्छादन म्हणतो, त्यात एक हेक्टरपेक्षा मोठी आणि दहा टक्क्यांहून जास्त छत्र, म्हणजे झाडांच्या फांद्यापानांचं आच्छादन, असलेली कुठलीही जमीन येते. मालक कोण, झाडाची जात कुठली, हे तिथं बघत नाहीत. त्यामुळे आमराई, काजूची बाग, बांधालगतचा सागाचा पट्टासुद्धा त्यात बसू शकतो. २०२१च्या अहवालात महाराष्ट्राचं वनाच्छादन राज्याच्या क्षेत्राच्या १६.५ टक्के दिलंय. ते या मोजमापानं. कागदावरचं जंगल याहून वेगळं. सातबाऱ्यावर ‘वन’ लिहिलेल्या जमिनीवर एकही झाड नसू शकतं. पूर्व विदर्भात तर ‘झुडपी जंगल’ नावाचा महसुली प्रकार आहे. कुठं गवत, कुठं खुरटी झुडपं, कुठं चक्क वस्ती. ती जमीन वन मानायची की नाही यावर इतकी वर्षं वाद चालला की शेवटी सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये ती वनजमीन मानावी असा निकाल द्यावा लागला. त्याआधी डिसेंबर १९९६च्या गोदावर्मन प्रकरणात न्यायालयानं ‘वन’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशातला घ्यावा असं म्हटलं होतं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला जो शब्द पुन्हा पुन्हा सोडवावा लागतो, तो तुम्ही ग्रामसभेत वापरलात आणि सगळ्यांना एकच कळलं असेल असं धरून चाललात.

गावाचं जंगल म्हणजे मोहाची झाडं, बिडीच्या पानांचा तेंदू, सरपण, गुरांची वाट, आणि कुठल्या तरी उंबराखालचा देव. एखादी बाई म्हणते ‘जंगल कमी झालं’, तेव्हा तिला म्हणायचं असतं की पूर्वी घरामागं मिळणाऱ्या डिंकासाठी आता दोन कोस जावं लागतं. तुम्ही तिला ‘अहवालानुसार वाढलंय’ म्हणालात तर दोघंही खरं बोलताय आणि भांडण पक्कं. म्हणून नव्या गावात मी ‘जंगल’ हा शब्दच शक्यतो टाळायचो. खात्याच्या नकाशावरचा कक्ष क्रमांक नाही तर लोकांनी ठेवलेलं जागेचं नाव घ्यायचो. ‘डोंगरदेवाच्या खालचा साग’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर एकच जागा येते.

नावांवरून माझी एकदा चांगलीच फजिती झाली आहे. मी मूळचा कोकणातला. आमच्याकडे अंजन, अंजनी म्हणजे लहानखुरं झाड, फांद्यांना चिकटून निळीजांभळी फुलं येणारं. खानदेशात बदली झाल्यावर एका शाळेत मी ऐटीत अंजनाच्या निळ्या फुलांचं वर्णन केलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांच्याकडे अंजन म्हणजे कोरड्या टेकड्यांवर ताठ वाढणारा, लोखंडासारख्या कठीण लाकडाचा, शेळ्यांना ज्याचा पाला घालतात तो वृक्ष. शेवटी चौथीतला एक मुलगा म्हणाला, ‘गुरुजी, साहेबांनी अंजन पाह्यलेला नाही वाटतं.’ तसंच ऐनाचं. तो कुठं ऐन, कुठं येन, कुठं सादडा. लॅटिन नाव पाठ असून उपयोग नाही. आधी त्या गावच्या दोन म्हाताऱ्यांबरोबर चालून नावं लिहून घ्या, मग तोंड उघडा.

आता तुमच्या विरळणीकडे येतो, कारण तिथं मी स्वतः आपटलोय.

साग साधारण २ बाय २ मीटरवर लावतात, म्हणजे हेक्टरी २,५०० सागजड्या (लावायची सागाची मुळासकट खुंटं). पाच-सहा वर्षांत छत्रं एकमेकांना भिडतात, मग उजेडासाठी मारामारी. पहिल्या विरळणीत निम्मी काढायची, पुढं टप्प्याटप्प्यानं आणखी. हे मी माझ्या पहिल्या रेंजला, म्हणजे वनपरिक्षेत्रात, फळ्यावर आकृती काढून गावाला सांगितलं होतं. एका काकांनी शांतपणे विचारलं, ‘साहेब, आमी एक बल्ली तोडली तं केस, तुमी टरक भरून नेता तं विरळनी?’ सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी जाऊन रात्रभर जागा राहिलो. आजही त्या प्रश्नाला माझ्याकडे खणखणीत उत्तर नाही. कायद्याचं उत्तर आहे, पण ते त्यांनाही माहीत होतं.

पुढच्या वेळी मी फळा नेला नाही. एकोणीस वर्षांचं रोपवन होतं, पहिली विरळणी वेळेत झालेली, दुसरी लांबलेली. तोड चालू असताना वीसेक लोकांना थेट तिथं नेलं. बरोबर धारदार पटाशी, पाण्याची बाटली, सुतळीचा गुंडा आणि खिशात मूठभर बाभळीचे काटे. एका ताज्या खुंटाचा वरचा पापुद्रा पटाशीनं तासून गुळगुळीत केला आणि त्यावर पाणी ओतलं. मध्य भारतातला साग उन्हाळ्यात पानं गाळून थांबतो आणि पावसाळ्यात पुन्हा वाढतो, त्यामुळे त्याची वर्षाची वर्तुळं लख्ख दिसतात. पाणी पडलं की तर रेघ मारल्यासारखी. मी काही बोललो नाही. एका आजींना काटे दिले आणि म्हटलं, मधून बाहेर मोजत या, दर पाचव्या कडीला एक काटा टोचा.

त्यांनी बोटानं चाचपत मोजलं. पहिल्या सहा कड्या करंगळीएवढ्या रुंद. मग एकदम चिकटून, दोन कड्यांत नखही जाईना. त्यानंतर चार-पाच पुन्हा रुंद झालेल्या, आणि शेवटच्या सालीपर्यंत परत चिकटलेल्या, वहीच्या पानांच्या कडेसारख्या. आजींनी बोट त्या शेवटच्या पट्ट्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, ‘इथून पुढं हे जेवलंच नाही.’ मग मधल्या रुंद पट्ट्यावर बोट नेऊन, ‘अन् इथं कोनं वाढलं होतं याले?’ मी सांगितलं, तेव्हा पहिली विरळणी झाली होती. एवढंच. विरळणी म्हणजे काय हे त्या दिवशी आजींनी समजावलं, मी नाही.

मग सुतळीनं १० बाय १० मीटरचा चौकोन आखला. यात लावताना पंचवीस रोपं होती. आज आत किती खुंट, किती उभी झाडं, लोकांनी मोजलं. शेवटी अशा चौकोनात दोन-तीनच मोठी झाडं उरणार हेही सांगितलं. हेक्टर हा आकडा कुणाच्या डोक्यात राहत नाही, सुतळीतला चौकोन राहतो.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग एक तरुण पुढं आला आणि वीस पावलांवरचा दुसरा खुंट दाखवून म्हणाला, ‘हे तं जेवत होतं ना? हे काहून तोडलं?’ बघितलं तर खरंच, सालीपर्यंत रुंद कड्या. तोडीच्या रेषेखाली बुंध्याशी शिक्का होता, म्हणजे चोरी नव्हती, आमचीच खूण. खोड कधीच गेलेलं. मी म्हणालो, मला माहीत नाही, नोंदवही बघून सांगतो. आठ दिवसांनी नोंदवही घेऊन परत गेलो. त्या क्रमांकापुढं ‘वाकडं, दुबेळकं’ (दोन फाट्यांचं) असा शेरा होता. अर्ध्यांनी मानलं, अर्ध्यांनी नाही. न मानणाऱ्यांना मी दोष देत नाही. खोड गेल्यावर ते वाकडं होतं असं सांगणं कुणालाही जमतं.

त्या तरुणामुळे माझी पद्धत बदलली. त्यानंतर मी कधीही तोडीनंतर लोकांना नेलं नाही, निदान पहिल्यांदा तरी नाही. खुणा मारून झाल्या की तोडीच्या आधी न्यायचो. कुठल्या झाडावर खूण आहे ते बघा. का मारली असेल, सांगा. तुमच्या मते चुकली असेल तर आत्ता बोला. एका ठिकाणी गावकऱ्यांनी तीन खुणांवर हरकत घेतली. दोन ठिकाणी घारीची घरटी होती, तिसऱ्याखाली त्यांचा देव. तिन्ही सोडली, नोंदवहीत तसं लिहिलं. शास्त्राचं काही बिघडलं नाही. त्या कूपाबद्दल, म्हणजे तोडीच्या पट्ट्याबद्दल, पुढं व्हिडिओ निघाला नाही असं नाही, पण तो निघाला तेव्हा गावातल्याच पोरांनी खाली उत्तरं दिली.

एक सावधगिरी. विरळणीला शेतातलं उदाहरण द्यायचं तर पीक बघून द्या. कापूस-ज्वारीच्या भागात ‘विरळणी’ हा त्यांचाच शब्द आहे, एका ठिकाणची दोन-तीन रोपं उपटून एक ठेवणं हे ते लहानपणापासून करतात. पण तुमच्या पूर्वेला, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे, धान. तिथं रोवणी असते, विरळणी नसते. तिथं मी पऱ्ह्याचं, म्हणजे धानाच्या रोपांचं, उदाहरण द्यायचो: रोवणीला उशीर झाला आणि पऱ्हे वाफ्यातच दाटून राहिले तर कसे पिवळे, लांबुडके होतात? बास, सगळे मान डोलावतात.

‘आधी सांगा’ हे सूत्र फक्त तोडीला लागू नाही. दरवर्षी पावसाळा सरता सरता फोन सुरू होतात: ‘जंगल वाळलं, कुणीतरी औषध मारलं, साग मेला.’ सगळा डोंगर विटकरी तपकिरी दिसतो. ते काम असतं एका छोट्या पतंगाच्या अळीचं. ती सागाच्या पानातला हिरवा भाग खाते आणि शिरा तेवढ्या सोडते, त्यामुळे पान जाळीदार होतं. आम्ही खात्यात तिला स्केलेटोनायझरच म्हणतो. झाड मरत नाही, त्या वर्षीची वाढ थोडी बुडते, पुढच्या पावसात पुन्हा पालवी. हे फोन आल्यावर सांगितलं की ती सारवासारव वाटते. मी जुलैतच शाळेत सांगून ठेवायला लागलो: थोड्या दिवसांनी साग तपकिरी दिसेल, तेव्हा पान उलटं करून बघा, बारीक अळी सापडेल, आणि जाळी झालेलं पान वहीत दाबून आणा. मग सप्टेंबरात पोरंच घरी बापाला सांगायची. त्या जाळ्या इतक्या नाजूक आणि सुंदर निघतात की एका बाईंनी शाळेत त्यांचं तोरण केलं होतं.

वणव्याचं मात्र इतकं सोपं नाही, इथं मी तुम्हाला फार आशा दाखवणार नाही. ‘आग लावू नका’ अशी पत्रकं आणि भिंतीवरची चित्रं मी शेकड्यांनी वाटली, रंगवली. परिणाम शून्य म्हणणार नाही, पण त्याच्या जवळपास. मार्चमध्ये मोहाचं फूल पहाटे गळतं, झाडाखाली वीतभर पाचोळा, फूल दिसणार कसं? म्हणून माणूस पाचोळा पेटवतो. त्याला जंगल जाळायचं नसतं, फूल दिसायला हवं असतं. तेंदूचंही तसंच, जाळलं की कोवळी पालवी जोरात येते असा अनुभव पिढ्यान् पिढ्यांचा. ७० पानांच्या पुड्यावर ज्याचं उन्हाळ्याचं घर चालतं त्याला पान कोवळंच हवं. त्याला कार्बन सांगून काय होणार? मी एका उन्हाळ्यात एका कुटुंबाबरोबर पाच पहाटे फुलं वेचली. पाचव्या दिवशी कंबर धरली तेव्हा कळलं की झाडून काढा म्हणणं किती सोपं आहे. नंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. फेब्रुवारीत फायर वॉचरनी (वणव्यावर नजर ठेवणाऱ्या हंगामी माणसांनी) लोकांबरोबर मिळून झाडाखालचा पाला ओढून ढीग करायचा आणि वारा नसताना आपल्यासमोर जाळायचा. आणि ज्यांना जमेल त्यांनी झाडाखाली जुन्या साड्या, शेडनेट अंथरायचं. जिथं फायर वॉचर गावातलाच आणि मनमिळाऊ होता तिथं चाललं. जिथं नव्हता तिथं नाही. तेंदूची झुडपं आधीच छाटून घेतली तरी चांगली पालवी येते, पण त्याची मजुरी कुणी देणार असेल तरच लोक छाटतात. उपग्रहावरून आगीचा ठिपका मोबाइलवर येतो हे फार कामाचं आहे, पण तो ठिपका आग लागल्यानंतरचा.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: लोकांना जागेवर न्या, घडण्याआधी न्या, मोजण्याचं काम त्यांच्या हातात द्या, आणि ज्याचं उत्तर नाही तिथं ‘माहीत नाही, बघून येतो’ म्हणून खरंच परत या. परत येणं सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं तेच आपण करत नाही. माझ्या एका वरिष्ठांना हा वेळेचा अपव्यय वाटायचा. जनजागृतीच्या अहवालात किती गावं, किती लोक, किती फोटो एवढंच भरायचं असतं. एकाच गावात चार वेळा गेलात तर आकडा एकच राहतो. तुमच्या संस्थेतही असंच असेल तर देणगीदारांशी आत्ताच बोलून घ्या.

आता डुक्कर. त्या प्रश्नाला टाळू नका, उलट तिथूनच सुरू करा. पुढच्या बैठकीला स्लाइडऐवजी पीक नुकसानीच्या अर्जाचे कोरे नमुने घेऊन जा. अर्ज कुठं द्यायचा, किती दिवसांत द्यायचा, पंचनाम्याला कोण येतं, सातबारा-आधार-बँकेच्या पासबुकाच्या किती प्रती लागतात, हे त्या रेंज ऑफिसातून आधी स्वतः विचारून घ्या, कारण शासन निर्णय बदलत राहतात. तिथं बसून पाच अर्ज भरून दिलेत की सहाव्या माणसाला तुमचं विरळणीचं म्हणणं ऐकायला वेळ असतो. हे लोकांना लाच देणं नाही. जंगलाशी त्यांचा जो रोजचा व्यवहार आहे, त्यात तुम्ही उपयोगी आहात की नुसते बोलके, एवढं ते तपासतात.

दुसरा प्रश्न हमखास येईल: ‘ती कोट्यवधी झाडं कुठं गेली?’ राज्यात २०१६ला २ कोटी, मग ४, १३ आणि २०१९ला ३३ कोटी अशा लागवडीच्या मोहिमा झाल्या. प्रत्येक गावानं फोटो काढलेत, त्यामुळे प्रत्येक गाव विचारणारच. सरकारी आकड्यांची वकिली करायला जाऊ नका. गावाजवळच्या एका रोपवनाच्या फलकापाशी जा. त्यावर वर्ष, क्षेत्र, प्रजाती, रोपांची संख्या लिहिलेली असते. शाळेची पोरं घेऊन शंभर खड्डे मोजा, किती रोपं जिवंत, किती मेलेली, किती खड्डे गायब. जे निघेल ते फळ्यावर लिहा. एकदा आमचेच आकडे वाईट निघाले आणि वरून विचारणा झाली. पण पुढच्या वर्षी त्याच गावानं त्या रोपवनात गुरं सोडली नाहीत. मी याचा कार्यकारणभाव सिद्ध करू शकत नाही.

व्हिडिओबद्दल. त्याला दुसऱ्या व्हिडिओनं उत्तर देण्याची घाई करू नका. ज्यानं तो काढला त्याला शोधा, बहुधा तो गावातलाच, बारावी झालेला, चुणचुणीत पोरगा असतो. त्याला रोपवनात घेऊन जा आणि त्यालाच पुढचा व्हिडिओ काढू द्या, अगदी टीका केली तरी. पत्रकारांचंही तसंच. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती बिबट्यांच्या बातम्यांनी एके काळी नुसती भीती पसरायची. २०११ पासून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या उपक्रमात वनविभाग, संशोधक आणि नागरिकांनी मिळून सोसायट्यांत आणि पत्रकारांसोबत बैठका घेतल्या. बिबट्या दिसला म्हणजे हल्ला नव्हे, पिंजरा लावून दुसरीकडे सोडल्यानं प्रश्न वाढू शकतो, हे बातमी यायच्या आधी सांगून ठेवलं. तिथंही ‘आधी’च.

राहिला तुमचा रागाचा भाग, पदवीत हे का नाही. दापोलीला, अकोल्याला वनशास्त्राच्या अभ्यासक्रमात विस्ताराचा, म्हणजे लोकांपर्यंत ज्ञान नेण्याचा, विषय असतो. तो परीक्षेपुरता राहतो हे मान्य. पण मुळंही बघा. डेहराडूनची वनशाळा १८७८ साली सुरू झाली आणि जंगलांची राखीव, संरक्षित आणि ग्रामवनं अशी वाटणी करणारा कायदाही १८७८चाच. लाकूड सांभाळणारे आणि ते नेऊ पाहणाऱ्यांना पकडणारे लोक घडवायला आपलं शिक्षण जन्मलं. म्हणून वनसंवर्धन, वनमापन, वनगुन्हे याला आपल्याकडे नेमके शब्द आहेत, आणि गावाशी बोलायला ‘जनजागृती’, जणू बाकी सगळे झोपलेत. गडचिरोलीच्या मेंढा-लेखात लोकांनी स्वतःचे अभ्यासगट चालवले, सगळ्यांच्या सहमतीशिवाय निर्णय घ्यायचा नाही ही रीत पाळली, २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळवला आणि एप्रिल २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. तिथं कुणी जाऊन त्यांना जागं केलं नव्हतं. प्रत्येक गाव मेंढा होत नाही, आणि तसं व्हावं अशी घाई केली की गावं वैतागतात, हेही मी पाहिलंय.

मी प्रशिक्षणार्थींना एकच गृहपाठ द्यायचो. एका ग्रामसभेला जा, मागं बसा, तोंड उघडू नका. लोकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून आणा, उत्तरं नकोत. बहुतेक जण पहिल्या वेळी प्रश्न ‘सुधारून’ आणायचे: ‘वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या पीकहानीबाबत विचारणा.’ मी वही परत करायचो. ‘डुकराचं काय करता?’ असं लिहायला दुसरी ग्रामसभा लागायची.

तुमच्याकडची विरळणी अजून चालू असेल तर या आठवड्यातच रेंज ऑफिसातून परवानगी घ्या, बीटगार्डला (त्या भागाच्या वनरक्षकाला) बरोबर घ्या आणि ज्या भागात खुणा झाल्यात पण तोड व्हायची आहे तिथं जा. पटाशी सुताराकडून धार लावून आणा, बोथट पटाशीनं कड्या चुरडतात आणि काही दिसत नाही. खुंट ताजाच हवा. उन्हात महिनाभर राहिला की चिरा पडतात. त्याच लोकांना जुलैत पुन्हा न्यायला विसरू नका. तोपर्यंत खुंटाला फुटवे आलेले असतात, हातभर लांब, सुपाएवढ्या पानांचे, आणि ‘तोडलं म्हणजे मेलं का?’ हा प्रश्न मग कुणीतरी आपणहून काढतं.